इंटिरिअर डिझायनरचा परवाना आणि आपली मुले

(समाजाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात पुणे येथे केलेले भाषण)



आजच्या या मंगल प्रसंगी विद्यार्थ्यांस उपदेशाचे चार शब्द सांगावे, अशी आज्ञा कार्यवाहांनी आम्हांस केली आहे. उपदेश करण्याचा आमचा अधिकार किती, हा प्रश्नच आहे. मॅट्रिक होऊन आम्ही शिक्षकी पेशात शिरलो आणि खडू व फळा यांच्या संगतीत आयुष्य वेचले; यापलीकडे आमच्या गाठी विशेष विद्या नाही. तेव्हा उपदेश बाजूस ठेवून, निकालाच्या हंगामात आपल्यापैकी अनेक पालक आमच्या घरी येऊन जो एक प्रश्न विचारतात, त्याचे उत्तर आज सर्वांसमक्ष द्यावे असे आम्ही योजिले आहे. प्रश्न असा असतो : “गुरुजी, मुलास इंटिरिअर डिझायनर व्हायचे आहे. त्याचे लायसन मिळण्यास काय शिकावे लागते?”

हा प्रश्न आपल्या सुतार समाजात निघावा, यात नवल नाही. गावगाड्यातील बारा बलुतेदारांत आपले पूर्वज होते. नांगर, कुळव, दार, पाळणा हे सर्व त्यांच्या हातून घडले. पुढे पोटासाठी आपण पुण्यास आलो. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून लाकूड आणून लोकांची घरे सजविली. आज त्याच घरात काम करताना मिस्त्रीला हुकूम देणारा डिझायनर वेगळा असतो आणि रंधा धरणारा वेगळा. आपल्या मुलाने हुकूम देणाऱ्याच्या जागी बसावे, असे बापास वाटले तर ती इच्छा अगदी योग्य आहे. पण इच्छा योग्य असली तरी वाट चुकू शकते. ही वाट एकदा आमच्या सांगण्यावरून चुकली आहे; ती हकीकतही आम्ही आज सांगणार आहोत.

प्रथम उत्तर स्पष्ट सांगतो. भारतात इंटिरिअर डिझायनर म्हणून काम करण्यास परवाना लागत नाही, आणि असा परवाना देणारे सरकारी खाते, मंडळ वा परिषदही नाही. डॉक्टरास वैद्यक परिषदेची व वकिलास बार कौन्सिलची नोंदणी लागते. तशी नोंदणी या व्यवसायास कायद्याने ठेवलेली नाही. म्हणून ‘आमच्याकडे शिका, आम्ही लायसन मिळवून देतो’ असे जो सांगतो, तो एकतर अज्ञानी असतो किंवा आपणांस फसवीत असतो.

मग हा शब्द लोकांच्या तोंडी आला कोठून? आमच्या मते चार वाटांनी आला.

पहिली वाट आर्किटेक्टची. १९७२ साली संसदेने आर्किटेक्ट्स ॲक्ट संमत केला. त्यान्वये कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर ही परिषद स्थापन झाली. या परिषदेत ज्याचे नाव नोंदलेले आहे, त्यालाच स्वतःस ‘आर्किटेक्ट’ म्हणविता येते. नाव नोंदविण्यास पाच वर्षांची बी. आर्क. पदवी लागते. त्या शिक्षणक्रमास जाण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय हवेत आणि ‘नाटा’ किंवा ‘जेईई’ची त्यासाठी असलेली परीक्षा द्यावी लागते. दहावीनंतर गणितासह तीन वर्षांची पदविका घेतलेल्यासही हे दार उघडे आहे. येथे एक भेद नीट ध्यानी घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असा निर्णय दिला की, या कायद्याने नोंदणी नसलेल्यास ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावण्याची बंदी आहे. काम करण्याची बंदी नाही. म्हणजे पाटीवर ‘आर्किटेक्ट’ हा शब्द लिहिणे हा अपराध होतो, ‘इंटिरिअर डिझायनर’ हे शब्द लिहिणे अपराध होत नाही. आपल्यापैकी कोणाच्या दुकानावर हौसेने तो पहिला शब्द रंगविला असेल, तर त्याने आज घरी जाऊन तो पुसावा, ही नम्र विनंती.

दुसरी वाट महानगरपालिकेची. इमारतीचे नकाशे मंजुरीस देण्यासाठी अभियंता, संरचना अभियंता व पर्यवेक्षक यांस महापालिका परवाने देते. त्यांची पात्रता राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत सांगितली आहे. वीजजोडणी करणाऱ्या वायरमनलाही सरकारी परवाना लागतो. गंमत अशी की, एका दिवाणखान्याच्या कामात भिंतीविषयी सल्ला देणारा अभियंता परवान्याचा, तारा ओढणारा वायरमन परवान्याचा, आणि या सर्वांस कोठे काय करावे हे सांगणारा डिझायनर मात्र परवान्यावाचून असतो.

तिसरी वाट ‘शॉप ॲक्ट’ची. दुकान उघडले की ‘शॉप ॲक्ट लायसन’ काढावे, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. तो कागद चौकटीत बसवून गल्ल्यामागे लावला जातो आणि गिऱ्हाइकास वाटते की हे डिझायनर परवानाधारक आहेत. वास्तविक २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाने केवळ व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यावयाची असते. दुकान आहे, एवढेच तो कागद सांगतो. दुकानदारास कला येते की नाही, हे सांगत नाही.

चौथी वाट परदेशाची. हल्ली मुले फोनवर अमेरिकेतील मजकूर वाचतात. तेथील काही राज्यांत या व्यवसायास खरोखरच परवाना वा नोंदणी आहे. अलाबामा राज्याने १९८२ साली या उपाधीस प्रथम कायद्याचे संरक्षण दिले. पुढे तेथे कामावरच निर्बंध घालणारा कायदा झाला, तो २००७ साली तेथल्याच सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. म्हणजे जेथे परवाना जन्मास आला तेथेही त्याविषयी एकमत नाही. तेथे ‘एन.सी.आय.डी.क्यू.’ नावाची परीक्षा १९७४ पासून घेतली जाते. त्या परीक्षेस या विषयातील पदवीधरालाही ३,५२० तासांच्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो. आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे जाणार आहेत, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. जेथे परवाना आहे, तेथेही नुसत्या पुस्तकावर तो मिळत नाही.

आता ती हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील एक गृहस्थ आमच्याकडे आले. हातात एका खासगी शिक्षणसंस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रक होते. मुलगा दहावी झालेला, हात उत्तम. लहानपणापासून वडिलांच्या मागे कामावर जाऊन सुताचाही फरक डोळ्यांनी ओळखणारा. पत्रकावर ‘शासनमान्य’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते, खाली दोन-तीन गोल शिक्के होते, आणि ‘एका वर्षात लायसन’ असे आश्वासन होते. गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, मला इंग्रजी वाचता येत नाही. तुम्ही वाचून सांगा. तुम्ही हो म्हणाल तर भरतो पैसे.”

आम्ही चष्मा लावून ते पत्रक वाचले, आणि हो म्हटले.

त्यांनी पतपेढीतून कर्ज काढून फी भरली. वर्ष संपले. सोनेरी शाईचे प्रमाणपत्र मिळाले. मुलगा ते घेऊन एका कार्यालयात नोकरीसाठी गेला. तेथे त्यास दोन गोष्टी विचारल्या. एक, हे प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचे वा मंडळाचे? आणि दुसरी, या स्वयंपाकघराचा छेद प्रमाणात काढून दाखव. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रमाणपत्रावर नव्हते. दुसऱ्याचे त्या वर्षात त्यास कोणी शिकविले नव्हते. लायसनविषयी संस्थेत विचारता ‘ते पुढच्या वर्गानंतर’ असे उत्तर मिळाले, आणि पुढच्या वर्गाची फी दुप्पट होती.

त्या गृहस्थांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. उलट दिवाळीस नेहमीप्रमाणे फराळाचे ताट घेऊन आले. बंधुभगिनींनो, चाळीस वर्षे मुलांस ‘प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा’ असे सांगणाऱ्या माणसाने ‘शासनमान्य म्हणजे कोणत्या शासनाची, कोणत्या खात्याची मान्यता?’ हा साधा प्रश्न विचारला नव्हता. ते ताट आम्हांस फार जड झाले. त्या दिवसापासून या विषयाची चौकशी करणे हे आम्ही आपले कर्तव्य मानिले. त्या चौकशीतून जे कळले, ते आता क्रमाने सांगतो.

परवाना नाही, म्हणून शिक्षण नको, असा अर्थ कोणी घेऊ नये. परवाना नाही म्हणूनच शिक्षण अधिक हवे. कारण ज्या धंद्यात कोणीही पाटी लावू शकतो, तेथे खऱ्या-खोट्याची पारख गिऱ्हाईक ज्ञानावरूनच करते.

दहावीनंतर दोन मार्ग आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, अंतर्गत सजावटीचा एक वर्षाचा व्यवसायक्रम असतो. याखेरीज महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची तीन वर्षांची पदविका आहे. कोणत्या संस्थेत कोणता क्रम चालू आहे, हे दर वर्षी बदलते. म्हणून प्रवेशाच्या वेळी मंडळाच्या व संचालनालयाच्या यादीतच पाहावे.

बारावीनंतर चार वर्षांच्या पदव्या आहेत. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात गृहसजावट हा विषय शिकविला जातो. १८५७ साली निघालेल्या या संस्थेस २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. अहमदाबादेस १९६१ साली निघालेली राष्ट्रीय डिझाइन संस्था व सेप्ट विद्यापीठ ही नावे या क्षेत्रात आदराने घेतली जातात. पुण्यातही डिझाइनच्या पदव्या देणारी खासगी विद्यापीठे आहेत. पण त्यांची फी आपल्यापैकी बहुतेकांस जड वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यास इमारतीचे नकाशेही करावयाचे असतील आणि गणित झेपत असेल, त्याने सरळ बी. आर्क.चा मार्ग धरावा. आर्किटेक्टास घराच्या आतले काम करता येतेच. डिझायनरास मात्र आर्किटेक्ट म्हणविता येत नाही.

या सर्वांच्या आधीची एक पायरी आहे, आणि ती शाळेतच आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा. अनेक पालक म्हणतात, ‘चित्रे काढून पोट भरते काय?’ आमचे सांगणे असे की, पोट भरण्याची विद्या तेथूनच सुरू होते. शिवाय इंटरमिजिएटच्या श्रेणीबद्दल दहावीस वाढीव गुणही मिळतात. आपल्या घरातील सातवी-आठवीच्या प्रत्येक मुलामुलीस या परीक्षांस बसवावे.

मुलीस असे आम्ही मुद्दाम म्हटले. रंधा स्त्रियांच्या हाती नव्हता, म्हणून आपल्या लेकी या व्यवसायापासून दूर राहिल्या. आता ती अडचण उरलेली नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने असा निर्णय केला की, इतर मागास वर्ग आदी प्रवर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांस केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून मान्यताप्राप्त व्यावसायिक शिक्षणक्रमास गेल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ व्हावे. खासगी अभिमत व स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे यातून वगळली आहेत. मान्यतेचे मोल काय, हे यावरून कळते. मान्यता असेल तेथे सरकार फी भरते. मान्यता नसेल तेथे बाप कर्ज भरतो.

म्हणून कोणत्याही संस्थेत पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारावे. प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाच्या वा मंडळाच्या नावाने मिळेल? त्या विद्यापीठाचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत, अथवा त्या संस्थेचे नाव तंत्रशिक्षण मंडळाच्या यादीत आहे काय? आणि मध्येच शिक्षण सोडल्यास फीचे काय? ‘आयएसओ’चा शिक्का म्हणजे शिक्षणाची मान्यता नव्हे. व्यवसायबंधूंच्या संघटनेचे सभासदत्व म्हणजेही परवाना नव्हे. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स ही संघटना १९७२ पासून कार्य करीत आहे. तिचे सभासद होणे भूषणावह आहे, पण ती सरकारी परिषद नाही.

ज्यांचे शिकण्याचे वय गेले, त्या कारागीर बंधूंसाठीही दोन शब्द. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीस, केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. काही दिवसांचे प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. तिचे प्रमाणपत्रही डिझायनरचा परवाना नव्हे. पण आपल्या हाताची सरकारदरबारी झालेली ती नोंद आहे, आणि तिच्यासाठी कोणास हजारो रुपये मोजावे लागत नाहीत.

परवाना नाही म्हणजे जबाबदारीही नाही, असे मात्र कोणी समजू नये. पैसे घेऊन केलेले काम ही सेवा होय, आणि सेवेत कसूर झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली गिऱ्हाईक दाद मागू शकते. याहूनही मोठी जबाबदारी जिवाची आहे. सदनिकेचा मालक म्हणतो, ‘ही भिंत काढा, हा खांब थोडा छाटा, हॉल मोठा दिसेल.’ अशा वेळी संरचना अभियंत्याच्या लेखी सल्ल्यावाचून हातोडा उचलू नये. वरच्या मजल्यावरील माणसांनी आपणांस काम दिलेले नसते. पण त्यांचा भार आपण छाटत असलेल्या खांबावर असतो. विजेचा भार, आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट, कोणता प्लायवूड पाण्यात टिकेल, अंदाजपत्रक, सेवेची उलाढाल वर्षास वीस लाखांवर गेल्यास जीएसटीची नोंदणी, हे सर्व ज्यास कळते तो डिझायनर. नुसते संगणकावर सुंदर चित्र काढणारा अर्धाच शिकलेला आहे.

आणि येथे आपल्या समाजाचे बळ आहे. बाजीराव रस्त्यावरील विश्रामबागवाडा आपण सर्वांनी पाहिला असेल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या बाजीरावाने तो बांधविला. सुरूच्या झाडासारखे घडविलेले त्याचे कोरीव खांब आजही माणसास उभे करतात. ते कोरणाऱ्या कारागिरांची नावे दर्शनी भागावर नाहीत. पेशवाई गेल्यावर १८२१ साली त्याच वाड्यात इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा उघडली. ज्या जातीच्या हातांनी ते खांब कोरले, तिच्या मुलांस तीत प्रवेश नव्हता. आम्ही हे कटुतेने सांगत नाही; तो काळ तसा होता. सांगावयाचे इतकेच की, एका छताखाली हात आणि पुस्तक दोन्ही होते, पण त्यांची भेट झाली नाही. इंटिरिअर डिझायनरचे काम म्हणजे ती भेट होय. ज्याच्या घरी दोन पिढ्या गुण्या आणि ओळंबा आहे, त्याने पुस्तक हाती घेतले तर त्यास अर्धी विद्या वारशानेच आलेली असते. म्हणून शिकणाऱ्या मुलांस आमचे सांगणे आहे : सुटीत वडिलांच्या कामावर जा, लाज बाळगू नका. आणि वडिलांस सांगणे आहे : मुलगा शिकत असताना ‘याला काय कळते’ असे म्हणू नका.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण मनात विचारीत असाल. तो आपल्या यादीवरून शोधून तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविकेस गेला आणि उत्तीर्ण झाला. आज वडील व मुलगा मिळून काम करतात. पतपेढीचे जुने कर्ज मात्र अद्याप पुरते फिटलेले नाही. त्या मुलाची वाया गेलेली वर्षे आम्हांस परत देता येत नाहीत. देता येईल ते एवढेच : दर वर्षी दहावी-बारावीचे निकाल लागल्यापासून प्रवेश संपेपर्यंत, प्रत्येक रविवारी सकाळी, संस्थेच्या कार्यालयात आम्ही बसू. फी भरण्यापूर्वी माहितीपत्रक घेऊन या. या वेळी आम्ही ते दोनदा वाचू, आणि जे कळणार नाही ते कळले नाही असे सांगू.